दत्तूची नेमणूक

टण्णकन चमचा फरशीवर पडला आणि रविवारच्या दुपारी पेंगत पडलेलं क्वार्टर दचकलं.

"काय झालं ग?" आतून अच्युतने विचारलं.

"मारामारी!" वसुधा ओरडली.

"कुठे? खाली?"

"कॉम्प्युटरमध्ये."

अच्युत पोह्यांची बशी घेऊनच बाहेर आला. पडद्यावर रेवाचं गाव होतं. डोंगराच्या कुशीत, बोटभर उंचीच्या माणसांचं. दहा वर्षांच्या रेवाने ते सगळी दिवाळीची सुट्टी खपून वसवलं होतं. एकेकाला नाव दिलं होतं, घर दिलं होतं. एम. पी. नगरला क्लासला जाताना ते तिने आईच्या, वसुधाच्या, स्वाधीन केलं होतं. "बर्फ पडायच्या आत धान्य कोठारात येईल. तू नुसतं बघ. आणि दत्तूकडे लक्ष दे हं, तो म्हातारा आहे."

दत्तू म्हणजे वेशीवरचा राखणदार. रेवाचा सगळ्यात पहिला माणूस. संध्याकाळ झाली की वेशीवर बसून पावा वाजवायचा. ती रात्री झोपताना त्यालाही "गुड नाइट" म्हणायची.

आता मात्र कोठारासमोर सिंधू आणि वसंत नावाची दोन माणसं एकमेकांना ढकलत होती. त्यांच्या डोक्यावर पिवळा ठिपका लुकलुकत होता.

"पिवळा म्हणजे?"

"ढकलाढकली. केशरी म्हणजे हाणामारी. आणि लाल झालं की हत्यारं. मग कुणी कुणाचं ऐकत नाही, असं रेवा सांगत होती."

"मग बंद कर ना."

"आणि उघडल्यावर? भांडण तिथूनच पुढे चालू!"

अच्युतने बशी खाली ठेवली. तो कारखान्याच्या कार्मिक विभागात होता. युनियन आणि साहेब लोक यांच्यामध्ये बसून त्याने केस पांढरे केले होते. इथे नेमका आपलाच विषय निघालाय, हे त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं.

"घाबरू नकोस. दोघांना समोरासमोर आण."

"समोरासमोरच आहेत रे ते!"

"मग साक्षीदार बोलाव. चौकशीशिवाय काही ठरत नाही."

वसुधाला गावाची घंटा सापडली. तिने ती वाजवली. शेतात धान्य भरणारी माणसं पाट्या टाकून धावत आली आणि कोठारासमोर गोल करून उभी राहिली. क्षणभर सगळं शिस्तीत होतं. "बघितलंस?" अच्युत म्हणाला. तेवढ्यात वसंतच्या मित्राने वसंतला धक्का बसलेला पाहिला. मग सिंधूच्या मैत्रिणीने त्या मित्राला पाहिलं. बघता बघता गोलाचे दोन तट पडले आणि सगळीकडे केशरी ठिपके उमटले.

"हे काय केलंस तू!"

"मी? घंटा कुणी वाजवली?"

"कुणी सांगितली वाजवायला?"

"थांब, थांब. आता चौकशी अधिकारी नेमावा लागेल. निःपक्षपाती माणूस हवा. कुणाच्या अध्यात ना मध्यात." अच्युतचं बोट पडद्यावर फिरत वेशीपाशी थांबलं. "हा कोण?"

"दत्तू नको."

"का? याचं कुणाशी वैर?"

"कुणाशीच नाही. पण रेवाचा जीव आहे त्याच्यात."

"मग झालं तर! असाच माणूस लागतो. आमच्याकडे असा एक जरी असता ना..."

एका बाईची वेणी तेवढ्यात कुणीतरी ओढली. वसुधाने घाईने दत्तूवर बोट ठेवलं आणि त्याला कोठाराकडे धाडलं.

दत्तू निघाला. वाकून, हळूहळू. राखणदाराच्या हातात भाला असतोच. तो त्याने कुठे ठेवायचा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो भाल्यासकट गर्दीत शिरला आणि गर्दीला फक्त भाला दिसला.

सगळे ठिपके लाल झाले आणि कोयते बाहेर निघाले.

"परत बोलाव त्याला!" अच्युत ओरडला.

"बोलावतेय! ऐकत नाहीये कुणी!"

"साधी कार्यपद्धती आहे ग, आमच्याकडे कधी असं..."

"तुमच्याकडे कोयते नसतात!"

"तुला काय माहीत," अच्युत म्हणाला. पण त्यात जोर नव्हता.

वसुधाने अच्युतचं मनगट धरलं होतं. दत्तूने भाला टाकून दिला. दोन्ही हात पसरून तो मधोमध उभा राहिला, आणि दोन्हीकडची गर्दी त्याच्यावरून गेली. धूळ बसली तेव्हा दत्तू उठला नाही. गाव लंगडत, डोकी धरत पांगलं. रिकाम्या शेतावर बर्फ पडायला लागलं होतं.

बेल वाजली. व्हॅनमधून उतरून रेवा दप्तरासकट आत आली आणि सरळ आईच्या मांडीवर बसली.

"ही सगळी पट्ट्या बांधून का झोपलीत?"

"अग, सिंधू आणि वसंतचं भांडण झालं..."

"कुठेत ते?" रेवाने नदीकाठ उघडला. सिंधू आणि वसंत शेजारीशेजारी गळ टाकून बसले होते. "हे बघ ना. भाऊबहीण आहेत ते, मम्मा. रोजच करतात. बस, थोडा वेळ. फिर मछली."

अच्युतने बशी उचलली आणि तो स्वयंपाकघरात गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला.

रेवाला तोवर दत्तू सापडला होता. ती रडली नाही. दप्तराचा पट्टा मात्र तिने घट्ट धरला. पडद्यावर एक पाटी आली होती आणि खाली, गावात तट पडले म्हणून, आता दोन कबरस्तानं दिसत होती: एक सिंधूच्या तटाचं, एक वसंतच्या.

"हा गेम विचारतोय, दत्तूला कुठे पुरायचं," ती हळूच म्हणाली. मग मान वर करून तिने आईकडे पाहिलं.

"आई, दत्तू कुणाच्या बाजूने होता?"