जावयाचा पालेभाजीचा वाटा

मला कुणी विचारलं नव्हतं, हे आधीच सांगते. मला कुणी कधीच विचारत नाही, म्हणून तर सगळं मलाच ठरवावं लागतं.

आमच्या कंपाला शहरात आम्ही काही घरांनी मिळून गयाझा गावच्या नांतोंगोबाईशी बोली केली आहे. पेरणीआधीच आम्ही तिला पैसे देतो. ती औषधं न मारता भाजी पिकवते आणि दर शनिवारी घरोघर टोपली धाडते. मोसमात येईल ते मुकाट्याने खायचं. पावसात नकातीचा पाला आला की पालाच पाला, कडू वांगी आली की तोंड कडू. अट एकच : हंगामात प्रत्येक घराने एक दिवस शेतावर राबायचं. नाही राबलात, तर वाटा दुसऱ्या घराला. रांग लागलेली आहे.

तर मी माझ्या लेकीचं, नामायांजाचं घरही त्यात घातलं. कारण तिचा नवरा कवेसी, बँकेत रोखपाल. सकाळी रोलेक्स (तेलात भिजलेली चपाती, पोटात आमलेट), संध्याकाळी तळलेलं डुकराचं मांस. डॉक्टरने रक्तदाब मोजला आणि यंत्र बिघडलंय समजून दुसरं मागवलं म्हणे! इकडे लेकीला सातवा महिना. माझ्या नातवाला बाप नको का?

पण हे जावयाला तोंडावर सांगणार कोण? आम्हा बागांडा लोकांत सासू-जावई एकमेकांसमोर येत नाहीत. स्पर्श झाला तर अंगाला जन्माचा कंप सुटतो. त्यामुळे इतक्या वर्षांत मी जावयाची फक्त पाठ पाहिली आहे. (आहे मात्र पाहण्यासारखी. भरपूर आहे.)

त्यांच्या राबण्याच्या दिवशी लेक येणार होती. मी देखरेखीला हजर. (मला कुणी बोलावलं नव्हतं.) केळीच्या बागेतून बघते तर काय, नकातीच्या वाफ्यात ती ओळखीची पाठ! लेकीचे पाय सुजले, म्हणून स्वारी स्वतः आलेली. मी झटकन केळीचं पान तोंडापुढे धरलं.

निघून जावं, तर पाय निघेना. तो माणूस नकाती मुळासकट उपटत होता आणि तण हळुवार हाताने जपत होता! नांतोंगो दूर रस्त्यावर टोपल्या चढवत होती. परत येऊन हे बघितलं असतं, तर वाटा तिथल्या तिथे गेला असता आणि माझा जावई रोलेक्सच्या हवाली.

जवळ एक शेळी बांधलेली होती. मी तिलाच म्हटलं, "ए शेळे, त्या शहाण्याला सांग, हातात आहे ती भाजी आहे. जमिनीत ठेवलंय ते गवत!"

पाठ दचकली. टोपी डोळ्यांवर आली. "शेळे, सासूबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, दोन्ही हिरवंच दिसतं."

"त्याला विचार, बँकेत खऱ्या-खोट्या नोटा कशा ओळखतो?"

"त्यांना सांग, नोटा मला आवडतात."

"शेळे, म्हणावं उपटलेली परत लाव, पाणी घाल, अजून जगेल!"

"सांग, लावतो. पण तिथून कुणी ओरडू नये, रोपं हातातून सुटतात."

"मी ओरडते?" असं शेळीवर ओरडत मी मागे सरले. तोंडापुढे पान, मागे डोळे नाहीत. मागे नांतोंगोचा खतखड्डा होता. टोकदार खांद्यांच्या माझ्या चांगल्या गोमेसी झग्यासकट मी कमरेपर्यंत शेणात!

"शेळे," वरून घाबरा आवाज आला, "सासूबाई कुठे गेल्या?"

"तिला काय विचारतोस मेल्या, मी खाली आहे!"

मग खड्ड्याच्या काठाशी कुदळीचा लांब दांडा उलटा उलटा येताना दिसला. जावई माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून, मागे मागे चालत होता. मी दांड्याचं एक टोक धरलं, त्याने दुसरं. हाताला हात नाही, नजरेला नजर नाही.

"शेळे, सांग, डावा पाय रोवा!"

"त्याला सांग, मला डावा-उजवा शिकवू नको, ओढ!"

त्याने ओढलं. दांडा कुरकुरला, जावई कुरकुरला. तिसऱ्या हिसक्याला मी वर आले आणि तो पुढच्या वाफ्यात तोंडावर पडला. तिथलं गवत तेवढं दबलं, बरं झालं. मी केळीत शिरून मागच्या वाटेने घर गाठलं. त्याने उरलेली नकाती लावून दिवस पुरा केला. वाटा टिकला.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, काय जादू केलीस? हे पाला खायला तयार झालेत. आत्ताच एक ताटली संपवली."

"बघ! तुझ्या आईने मनात आणलं की—"

"हो, पण त्यांनी निरोप दिलाय. रागावणार नाहीस ना?"

"मी कधी रागावते? बोल!"

"म्हणतात, आपल्या टोपलीतला निम्मा पाला दर शनिवारी तुझ्याकडे धाडायचा. डॉक्टर उगीच माझ्या एकट्याच्या मागे लागलाय म्हणे, त्याने सासूबाईंनी धरलेला दांडा ओढून बघितलेला नाही."