सामाईक जागेची पातळी

एकाच घरातल्या जमिनी एका पातळीवर नसणं ही गंभीर बाब आहे, हे थोरल्यांच्या लक्षात आलं ते त्यांचे वडील, आबा, पडल्यावर. आबांची खाट बोळात. बाहेरचं दार बोळातच उघडायचं. एका अंगाला थोरल्यांची खोली, दुसऱ्या अंगाला धाकट्या भावाची. संडास थोरल्यांच्या खोलीपलीकडे, आणि ती खोली बोटभर उंच. त्या बोटभर उंचीला ठेचकाळून म्हातारा आडवा झाला, गुडघा फोडून घेतला.

थोरले कचेरीत समानता विभागाचे प्रमुख. त्यांनी घटनेची तत्काळ दखल घेतली आणि घरभर लॅमिनेटच्या फळ्यांची जमीन घालायचं जाहीर केलं.

लॅमिनेटवाल्याने पाणसळ ठेवून पाहिली. "आधी खालची जमीन एकसारखी करायला हवी, नाहीतर फळ्या करकरतील. बोला, वरची खोली घासू की खालचं सगळं भरून घेऊ?"

"माझी खोली खाली आणायची?" पदावनतीचा हुकूम हातात पडावा तसे थोरले दचकले. "अहो, समानता म्हणजे इतरांना वर आणणं!"

धाकट्याला हे तत्त्व तिथल्या तिथे पटलं. त्याच्या खोलीत बोटभर थर ओतला गेला. राहिला बोळ. तो सामाईक, म्हणून तिथला थर कोणी घालायचा, याचा निर्णय दोघा भावांनी एकमताने राखून ठेवला.

"म्हणजे आता भावजी आणि आपण सारखेच?" थोरल्यांच्या बायकोने सहज विचारलं.

थोरले जेवण अर्धवट टाकून उठले. सकाळी त्यांच्या खोलीत आणखी बोटभर थर पडला. "तांत्रिक दुरुस्ती," त्यांनी धाकट्याला कळवलं. धाकट्याने दोन बोटांची तांत्रिक दुरुस्ती केली. मग दुरुस्त्यांना ऊत आला. दारं खालून कापली, पलंगांचे पाय कापले, पंखे उतरवले. थोरले घरात मान खाली घालून चालू लागले. बघणाऱ्याला ती नम्रता वाटायची.

"अरे, मला फक्त संडासापर्यंत जायचं होतं," आबा खालून म्हणाले.

"आबा, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!" थोरले वरून म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

अखेर दोन्ही खोल्या छताच्या जवळ पोचल्या. वर जायला जागाच उरली नाही, म्हणून समानता आली. दोन्हीकडे लॅमिनेट बसलं, आरशासारखं. आबांच्या खाटेखाली एक भांडं ठेवलं गेलं.

जमीन बघायला माणसं बोलावली. सगळ्यांनी सरपटत सरपटत तोंडभरून कौतुक केलं. अडचण एकच होती: बोळातून खोलीत चढायला काही आधार नव्हता. आबा तेवढे खाटेवर बसलेले होते.

तुम्हीही आला होतात की. त्यांच्या खांद्यावर पाय देण्याआधी तुम्ही बूट काढले होते, हे आबा अजून आवर्जून सांगतात.