चूलबंद पिक्चर

पिक्चरला जायचं म्हटलं की आमचे शेजारी दगाआप्पा हातात अक्षता घेऊन निघतात. चेष्टा नाही. नंदुरबारच्या मिरची बाजारात जन्मभर मापाडी होते, आता घरी बसलेत. पण गुरुवार उजाडला की गल्लीत दारोदार फिरून हातावर चार पिवळे तांदूळ ठेवतात आणि लग्नाचं द्यावं तसं आवतन देतात, "सकाय तीनना शो. चूलबंद शे बरं का." म्हणजे उद्या तीनला घरातलं एकही माणूस मागे राहता कामा नये.

कारण असं, की दहा माणसं जमली नाहीत तर टॉकीजचा मॅनेजर खेळच रद्द करतो. आणि दहा आणायची कुठून? घरोघरी टीव्ही. आप्पांच्या मुलानं तर सुरतहून भिंतभर टीव्ही पाठवलाय. त्याच्यावर आप्पा टोपी अडकवतात. मी एकदा समजावलं, घरी पाय पसरून बघा, मध्येच थांबवून चहा प्या. मी मिरचीत विटेची भुकटी मिसळल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घरमा पिक्चर दखणं म्हंजे वरात खिडकीमाईन दखणं," म्हणाले.

गेल्या शुक्रवारी नऊच माणसं भरली. मॅनेजर सगळ्यांना परत पाठवायला निघाला, तशी आप्पांनी मला फोनवर गयावया केली. मी जेवून नुकता आडवा झालेलो. चडफडत उठलो, गेलो, दहावा झालो. आप्पांनी दारातच हात धरून मला शेजारी बसवलं. पडद्यावर नावं सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला आप्पा माझ्या खांद्यावर घोरायला लागले.

माझं डोकंच फिरलं. माझी झोप मोडून हा गृहस्थ स्वतः झोपतो म्हणजे काय! इंटरव्हलला हलवून उठवलं आणि चांगलं सुनावलं. झोपायचंच होतं तर घरी काय खाट मोडली होती?

आप्पा ओशाळले.

"पोरगा सुरतले ऱ्हास," ते हळूच म्हणाले. "घरमा एकलाले झोप लागत नही रे भाऊ. आठे टॉकीजमा चार माणसं जोडे बठेल ऱ्हातस, मंग डोळा लागस."

मला फार वाईट वाटलं. घंटा झाली, दिवे गेले. मी खुर्चीत जरा खाली सरकलो, खांदा त्यांच्या डोक्याच्या बेताला आणला. पिक्चर विनोदी होता, तरी पुढच्या रांगेत कोणी मोठ्यानं हसलं की मी त्याला दटावत होतो.