क्लोरीनचा अर्धा लाडू

रविवारी सकाळी दुसरा चहा पिता पिता श्रीरंग पांढरीपांड्यांनी जाहीर केलं, की प्रणोतीला ट्युशनबिशन काही लावायची नाही, विज्ञान ते स्वतः शिकवणार. निर्णय एवढासाच होता. याहून मोठे निर्णय सरकार रोज घेतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण श्रीरंगरावांच्या निर्णयांची जातच वेगळी.

"तुम्ही?" विभावरी म्हणाली. शब्द एकच, पण लग्नापासूनचा सगळा अनुभव त्यात होता.

"काहून? मी बी.एस्सी. आहे."

"पंखा उघडला तेव्हाही हेच म्हणाले होते. तो अजून माळ्यावर आहे."

नववीतल्या प्रणोतीने अणूच्या धड्यात चांगल्याच गटांगळ्या खाल्ल्या होत्या. सोमवारी त्याच धड्याची पुन्हा टेस्ट होती, आणि यावेळीही बुडाली असती तर क्षमा मॅडमची ट्युशन ठरलेली होती. क्षमा मॅडम तिच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि हिंदी मुलखातल्या या शहराच्या महाराष्ट्र मंडळात विभावरीच्या मैत्रीणही होत्या. श्रीरंगरावांना डाचत होतं ते वेगळंच. लहानपणी ही पोरगी त्यांना सगळं विचारायची. नर्मदेचं पाणी कुठे जातं, पाल भिंतीवरून पडत काहून नाही, सगळं. (उत्तरं बहुतेक चुकीची असत, पण मिळत.) आता ती मोबाइलला विचारायची. एक विज्ञान उरलं होतं, तेही क्षमा मॅडमकडे गेलं की बाप म्हणून करायला फक्त स्कूटरवरून सोडणं राहणार होतं. याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

विभावरी वाण आणायला गंजीपुऱ्याच्या बाजारात गेली. संध्याकाळी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. स्वयंपाकघरात एका डब्यात तिळगुळाचे लाडू, दुसऱ्यात साखरेच्या पाकातले पांढरे लाडू आणि वाडग्यात काटेरी हलवा अशी तयारी मांडलेली होती. श्रीरंगराव ती बघतच राहिले.

"प्रणोती, इकडे ये! गुळाचा लाडू म्हणजे प्रोटॉन. पांढरा म्हणजे न्यूट्रॉन. आणि हा हलवा इलेक्ट्रॉन."

"बाबा, मम्मी डाँटेगी."

"अगं, परत ठेवून देऊ. जेवढा माल काढला तेवढा आत."

परातीत सोडियम मांडला गेला. अणुक्रमांक अकरा, म्हणून गुळाचे अकरा. वस्तुमानांक तेवीस, त्यातून अकरा वजा, म्हणून पांढरे बारा. भोवती हलव्याचे अकरा दाणे. प्रणोतीला ते चक्क कळलं. तिने कार्बन केला, ऑक्सिजन केला, एकदाही चुकली नाही. परत सोडियम मांडला तेव्हा मात्र इलेक्ट्रॉन दहाच भरले.

"एक कुठे गेला?"

"मी खाल्ला," प्रणोती म्हणाली.

"शाब्बास! आता हा आयन झाला. प्लस वन!" श्रीरंगरावांना भरून आलं. इथवर सगळं बरोबर होतं. इथेच थांबते तर ही गोष्ट झालीच नसती. पण पुढे क्लोरीन होता.

पुस्तकाच्या तक्त्यात क्लोरीनचं वस्तुमान ३५.५ दिलेलं होतं. त्यातून सतरा वजा केले.

"साडेअठरा," प्रणोती म्हणाली. "बाबा, न्यूट्रॉन आधा कैसे होगा? राउंड ऑफ करू का?"

राउंड ऑफ! श्रीरंगराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दिवसभर गेज लावून माल तपासायचा आणि केसाएवढा फरक दिसला की लाल खडूने फुली मारायची, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "पॉइंट पाच सोडून दिला तर अख्खी लॉट रिजेक्ट होते, समजलं? पुस्तकात आहे म्हणजे आहे. आण अडकित्ता."

पांढरे लाडू पाक जास्त झाल्यामुळे भेडाघाटच्या दगडाशी बरोबरी करत होते. पहिला फुटला तो एकीकडे जास्त, एकीकडे कमी. श्रीरंगरावांनी दोन्ही तुकडे विभावरीच्या डिजिटल काट्यावर ठेवले आणि रिजेक्ट केले. (रिजेक्ट माल बापलेकींनी जागच्या जागी नष्ट केला.) असे बरेच न्यूट्रॉन कामी आले, तेव्हा कुठे एक समसमान फुटला. त्यातला अर्धा परातीत गेला आणि क्लोरीन पूर्ण झाला. प्रणोतीने उत्तर पाठ केलं. बापलेक एकमेकांकडे बघून हसले. फार दिवसांनी असं झालं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. सोडियम, क्लोरीन, सगळे अणू ज्या त्या डब्यात कोंबले गेले. अर्धा लाडू श्रीरंगरावांनी हुशारीने तळाशी घातला. पण विभावरीने संध्याकाळी डबे ताटांत उपडे केले, आणि उपड्या डब्याचा तळ वर येतो, हे बी.एस्सी.ला नव्हतं.

हळदीकुंकू रंगात आलं. श्रीरंगराव आतल्या खोलीत, पडद्यामागे. विभावरी गप्पांच्या नादात कुंकू लावत होती, वाण देत होती, हातावर लाडू ठेवत होती. क्षमा मॅडमपुढे आली आणि न बघता तिने लाडू ठेवला.

क्षमा मॅडम हाताकडे बघत राहिल्या. "विभावरी, महागाई वाढली हे मान्य. पण एवढी?"

सवाष्णीच्या हातावर अर्धा लाडू! विभावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, वो क्लोरीन का आधा न्यूट्रॉन है," प्रणोतीने अभिमानाने सांगितलं. "बाबांनी वजन करून तोडला. साडेअठरा लागतात ना."

क्षमा मॅडमनी पोरीला जवळ बसवलं. "अगं, क्लोरीन दोन प्रकारचा असतो. प्रोटॉन दोघांतही सतराच. पण एकात न्यूट्रॉन अठरा, दुसऱ्यात वीस. पहिल्याचे तीन अणू असले, तर दुसऱ्याचा एक, असं प्रमाण. म्हणजे वस्तुमान पस्तीस आणि सदतीस, आणि सगळ्यांची सरासरी साडेपस्तीस. सरासरी अर्धी असते, न्यूट्रॉन नाही. हे बघ, पेपरात येतं ना, घरटी माणसं साडेचार? म्हणून कुणाच्या घरी अर्धा माणूस असतो का?"

"असतो ना," विभावरी म्हणाली आणि तिने हळदीचं बोट पडद्याकडे केलं.

ऐकता ऐकता श्रीरंगराव पुढे सरकले होते. एक हात, एक पाय आणि अर्धं तोंड पडद्याबाहेर आलं होतं, बाकी आत. बायका अशा हसल्या, की शेजारचे लोक खिडकीत आले.

सोमवारी प्रणोतीने क्लोरीनचे दोन्ही प्रकार बरोबर लिहिले आणि पैकीच्या पैकी आणले. ट्युशन टळली. तरी श्रीरंगराव पुढचे काही दिवस तोंड पाडूनच होते. आता आपल्याला कोण विचारतं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि एका संध्याकाळी प्रणोती पुस्तक घेऊन आली. "बाबा, एक सवाल है. चार ऑप्शन आहेत."

श्रीरंगरावांनी पेपर बाजूला टाकला, चष्मा पुसला, प्रश्न वाचला. मोबाइल तिच्या हातात नव्हता, हे त्यांनी आधी बघून घेतलं. बराच विचार करून ते म्हणाले, "बी."

"थँक यू, बाबा." प्रणोतीने बीवर फुली मारली.

"बी काहून खोडलं?"

"क्षमा मॅडम म्हणाल्या, उत्तर नाही आलं तर पहिले बाबांना विचार. वो जो बोलें, काट देना. फिर तीन ही बचते हैं."

श्रीरंगरावांनी बोटांवर मोजून बघितलं. हिशोब बरोबर होता.

"मग उरलेल्या तिघांचं काय करणार?"

"परत तुम्हालाच विचारीन ना."

"असं?" श्रीरंगरावांनी खुर्ची पुढे ओढली. "मग डी."

प्रणोतीने डी खोडला.