काळकाईचे दोन्ही कौल

मुंबईला परत जाण्याआधी देवीचा कौल घ्यायचा असं दत्तारामने ठरवलं आणि तिथेच त्याचं घोडं पेंड खायला लागलं. कौल न घेताच तो निघून गेला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. (पण काळकाईला न विचारता मुंबईची वाट धरणारा माणूस त्या वाडीत अजून जन्माला यायचा होता.)

वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. घरटी एक माणूस मुंबईला चाकरीला. दत्ताराम गोदीजवळच्या एका गुदामात कारकून होता. शिमग्याला रजा घेऊन तो गावी आला होता आणि रजा संपत आली होती. हेडक्लार्कने निघतानाच बजावलं होतं, "एक दिवस जरी उशीर झाला, तरी तुझ्या खुर्चीवर सयाजी बसलेला दिसेल." सयाजी हा साताऱ्याकडचा गडी त्या खुर्चीकडे तीन वर्षं मांजरासारखा बघत होता. नोकरी गेली तर दत्तारामला डोंगरात नाचणी पेरत बसावं लागणार होतं आणि नांगर धरायचा कसा हे तर तो केव्हाच विसरला होता.

आता त्याची आई, ठकूबाई. तिला चैत्र फार आवडायचा. पाऊस म्हणजे चिखल, थंडी म्हणजे कामं. चैत्रात मात्र भात कणगीत पडलेलं असतं, अंगण सारवून लख्ख झालेलं असतं आणि सावलीत बसून काजूच्या बिया भाजायला, कैरीचं पन्हं प्यायला आणि जगाची उणीदुणी काढायला दिवस पुरत नाही. खालच्या मोहल्ल्यातली तिची मैत्रीण नसीबा सुकटीची पुरचुंडी घेऊन यायची आणि ऊन कलेपर्यंत उठायची नाही. सून मैना खाली मान घालून बिया सोलायची आणि सगळं ऐकायची. ठकूबाईच्या या सुखात एकच खोट होती. परसातला पहिला फणस पिकायचा, तेव्हा लेक मुंबईला गेलेला असायचा. "फणस येकट्यानं खायची चीज हाय का गो?" ती नसीबाला म्हणायची. यंदा पहिला फणस लेकाच्या पानात पडल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

आणि ठकूबाईने मनाशी पक्कं केलं म्हणजे ते झालंच. नवऱ्याने, सोनबाने, महाडच्या बाजाराला जावं असं तिला वाटत नसलं की त्याच्या वाटेत मांजर आडवं जायचं. सोनबा बिचारा मागे फिरायचा आणि मांजर आपल्या घरचंच आहे हे त्याच्या ध्यानातही यायचं नाही.

कौलाची रीत सोपी होती. देवराईत काळकाईचा काळा दगड होता. त्याच्या दोन्ही खांद्यांवर गुरव तगरीची एकेक ओली कळी चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. उजवी कळी आधी पडली तर जा, डावी पडली तर थांब. दत्ताराम असल्या गोष्टी मानत नसे. (मुंबईत.) तो ऐटीत मिशीला पीळ देत उभा राहिला.

भर दुपार होती. देवराईत पानही हलत नव्हतं. भागोजी गुरवाला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण आवाज अख्ख्या देवराईत घुमायचा.

"आये काळकाये, तुझं लेकरू मुंबैला चाकरीला निगालंय. जाऊ द्यायचं आसंल तर उजवी दे. ठेवून घ्यायचं आसंल तर डावी दे."

डावी टपकन पडली.

"नाय म्हणते आई," भागोजी म्हणाला. "आता आठ दिस इचारायचं नाय."

ठकूबाईने पदर डोळ्यांना लावला.  दत्तारामला देवीपेक्षा सयाजीची भीती जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच देवराईत गेला, देवीला चार शब्द गुपचूप सांगावेत म्हणून. काळ्या दगडाच्या उजव्या खांद्यावर कालची कळी अजून तशीच होती, सुकून तपकिरी झालेली.  सुकलेली कळी पडली कशी नाही? त्याने भीतभीत बोट लावलं. कळी सुटेना. मग त्याने नाक जवळ नेलं आणि त्याला कच्च्या फणसाचा वास आला.

चीक. फणसाचा चीक.

देवीचा दगड रोज सकाळी कोण पुसतं? ठकूबाई. लेक मुंबईत सुखरूप राहावा म्हणून हा नेम धरलेली पुण्यवान माउली. दत्ताराम कपाळाला हात लावून खालीच बसला. बोलावं तर गावात आईची शोभा, गप्प राहावं तर नोकरी गेली. मग त्याला वाटलं, आपण तरी कुणाचे? खाण तशी माती.

आठ दिवसांनी परत कौल ठरला. त्या सकाळी दत्ताराम झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला देवराईत गेला. उजवा खांदा शिंपल्याने खरवडून साफ केला. एक कोवळा फणस देठापासून तोडून आणला होता, त्याचा पांढरा चीक बोटाने डाव्या खांद्यावर नीट माखला. आता उजवी पडल्यावाचून राहते कशी? घरी येऊन त्याने बायकोला बाजूला घेतलं.

"आये घरातनं हलता कामा नये. तू नजर ठेव."

"ठेवते की," मैना म्हणाली.

कौलाच्या वेळेपर्यंत ठकूबाई अंगणात काजू भाजत होती. "जागच्या हलल्या पण नायत," मैनेने सांगितलं आणि ते खरंही होतं. (मैना स्वतः कुठे हलली होती, हे विचारायचं दत्तारामला सुचलं नाही. नवरे हा प्रश्न विचारत नाहीत.)

सगळी वाडी देवराईत जमली. भागोजीने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. दत्ताराम उजवीकडे डोळे लावून उभा. ठकूबाई डावीकडे डोळे लावून बसलेली.

कळ्या पडल्या नाहीत.

भागोजीने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. नाही. तिसऱ्यांदा घातलं. तेही वाया गेलं. माणसं आधी कुजबुजत होती, मग गप्प झाली. रातकिडे भर दुपारी ओरडत होते, तेही एकाएकी थांबले. वाऱ्याचं नाव नाही, तरी दगडामागची पारंबी हळूहळू हलत होती आणि ती का हलते हे बघायला कोणी गेलं नाही.

"मानमोडीच्या साथीच्या साली आईनं आसंच तोंड मिटलं हुतं," भागोजी हलक्या आवाजात म्हणाला. "दोनीकडची कळी तशीच ऱ्हायली. म्होरं पंधरा दिसांत निम्मी वाडी गेली."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. बायांनी पोरं पदराखाली घेतली. कौल लावला की उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही असा दंडक होता, त्यामुळे पळूनही जाता येईना.

 डावी का पडत नाही हे दत्तारामला ठाऊक होतं. पण उजवी? ती त्याने स्वतः साफ केली होती आणि आई तर घरातून हललीच नव्हती. मग ती कळी कोणी धरून ठेवली होती? दगडाला डोळे नव्हते, तरी तो आपल्याकडेच बघतो आहे असं त्याला वाटायला लागलं. भीतीने तो मिशी पिळत राहिला, एकदा उजवी, एकदा डावी, पुन्हा उजवी. त्याने आईकडे बघितलं. जन्मात कधी कशाला न भ्यालेली ठकूबाई पांढरीफटक पडली होती.

"कुणीतरी कायतरी लपवलंय," भागोजी म्हणाला. "त्यानं मनातल्या मनात कबूल करावं."

दत्तारामने डोळे मिटले. 'आये काळकाये, चुकलो. नोकरी गेली तर जाऊ दे. पहिला फणस खाल्ल्याशिवाय मी जात नाही.' तिकडे ठकूबाईनेही डोळे मिटले होते. तिने काय कबूल केलं ते नंतर कळलं.

ऊन कललं. झाडीतून एक तिरीप आली आणि बरोबर दगडावर पडली. सगळे श्वास रोखून बघत राहिले. आणि दोन्ही कळ्या, उजवी आणि डावी, एकदम सुटल्या आणि एकदम खाली पडल्या.

असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. 

"आई म्हणते, जा," भागोजी अखेर म्हणाला. "आन् आई म्हणते, ऱ्हा."

"दोन्ही एका टायमाला कसं जमेल?" दत्तारामने विचारलं.

"त्ये तिला ठावं. तू इचारणारा कोण?"

 घरी ओसरीवर पोचल्यावर ठकूबाई म्हणाली, "जा बाबा उद्या. म्या सोडला तुला." हे ऐकून दत्तारामला देवीपेक्षाही जास्त भीती वाटली. तो तोंड धुवायला परसात गेला आणि तिथे त्याला कळलं की मिशीची दोरी झाली आहे. सकाळचा चीक बोटांना राहिला होता आणि आठवणार नाही इतक्या वेळा त्याने मिशी पिळली होती. पाण्याने चीक गेला नाही. राखेने घासली तर राख चिकटली. ओढली तर डोळ्यांत पाणी आलं. घरात कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण चीक कुठून आला हे पहिलं विचारलं असतं. दाढ दुखते म्हणून त्याने तोंडाला मफलर गुंडाळला, 'आईनेच सोडलं, देवीही जा म्हणाली' असं मनाला समजावलं आणि पहाटे तसाच बाहेर पडला. वाटेत भेटलेल्या दोघांनी 'देवीनं वाचा नेली' म्हणून लांबूनच हात जोडले.

महाडला तो पहिला न्हाव्याकडे गेला. न्हाव्याने मफलर सोडला, मिशीकडे आणि तिच्यातल्या राखेकडे बघितलं आणि मान हलवली.

"काढायची? वडील कधी गेले?"

दत्तारामने खाली मान घातली. फणसाचा चीक लागला म्हणून सांगितलं तर दुकानातली गिऱ्हाईकं महिनाभर हसतील, या लाजेने तो बोलला नाही. न्हाव्यानेही हळहळून वस्तरा फिरवला.

दासगावच्या बंदरावर लोकांनी त्याला बसायला जागा दिली. आगबोटीवर एका म्हातारीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्या डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली केस आहेत की नाहीत, हे मिशी नसलेल्या माणसाला कोण विचारणार? गुदामात तो शिरला तेव्हा त्याच्या खुर्चीवर खरंच सयाजी बसलेला होता. तो ताडकन उठला. हेडक्लार्कने तोंड उघडलं, दत्तारामच्या ओठाकडे बघितलं आणि मिटलं.

"अरे, म्हणून उशीर झाला होय? आणि बाप गेल्यावर एवढ्यात कामावर आलास? लोक आम्हांला काय म्हणतील? जा घरी. तेरावं उरकून ये. तुझी खुर्ची कुठे पळून जात नाही."

आता खरं बोलायचं तर नोकरी जाणार. दत्तारामने टोपी घट्ट दाबली आणि परत दासगावची बोट धरली.

वाडीत पोचला तेव्हा पुन्हा भर दुपार होती. देवराईच्या कडेला भागोजी गुरव बसला होता. पावलांवरूनच त्याने ओळखलं.

"आलास?" तो म्हणाला. "मंग? जा म्हणाली आन् ऱ्हा म्हणाली."  दत्ताराम जवळजवळ पळतच घरी गेला.

अंगणात फणस फोडलेला होता. नसीबा बसली होती, मैना बसली होती आणि कालपर्यंत मुंबईत मेलेला सोनबा गरे खात बसला होता. ठकूबाईने वर बघितलं, लेकाच्या ओठाकडे बघितलं आणि तिच्या हातातला गरा पडला.

"बाप जित्ता आसताना मिशी?"

मग दत्तारामला सगळं सांगावंच लागलं, न्हाव्यापासून हेडक्लार्कपर्यंत. ठकूबाईचा हात आपोआप कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. पण ती सावरली.

"मेल्याची खोटी बातमी उठली का आविष्य वाढतं," ती म्हणाली.

"मंग अजून दोन गरे टाक," सोनबा म्हणाला. "लांबचा पल्ला हाय."

नसीबा हसून लोळली. ठकूबाईला हसू आलं नाही. तिने आवाज खाली आणला.

"दत्ता, तुला सांगते. उजवी म्याच चिकटवली व्हती. दुसऱ्या येळेला मैनेला धाडलं. पर डावीला आमी हात नाय लावला रे. ती पडंना, तवा माजा जीव गेला. म्या देवीला म्हनलं, लेकाला सोडते, पर माज्या वाडीवर कोपू नगं."

"डावी मी चिकटवली होती," दत्ताराम म्हणाला.

मायलेकांनी एकमेकांकडे बघितलं. मग ठकूबाईने त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तिचे डोळे भरून आले. देवी कोपली नव्हती आणि लेक फणसाला घरी होता.

"पर गो आये," मैना हळूच म्हणाली, "दोनी कळ्या घट चिकटवलेल्या. मंग त्या येकदम पडल्या कशा?"

 देवराईकडून एक वाऱ्याची झुळूक आली आणि गेली. सोनबानेसुद्धा गरा तोंडाजवळच धरला.

शेवटी ठकूबाईनेच विषय बदलला. तिने खोबरेलाची वाटी पुढे ओढली, हाताला तेल चोळलं आणि पुढचा गरा काढता काढता लेकाकडे निरखून बघितलं.

"चीक काढताना हाताला त्याल लावलं व्हतंस?"

"नाही."

"आन् मिशीला? मिशीला लावून बगितलंस?"

दत्तारामने रिकाम्या ओठावरून बोट फिरवलं.

"बोटभर त्याल चोळलं आसतं तर चीक आपसूक सुटला आसता रे," ठकूबाई म्हणाली. "हितली शेंबडी पोरं पन जानतात." आणि तिने मैनेकडे वळून सांगितलं, "वाढ गो त्याला. मुंबैत शिकलेला हाय, भूक लागली आसंल."