सहा वर्षांचा वॉर्म-अप

रोप लावायला माती पुरते. ते रोज उपटून मूळ किती वाढलं हे पाहायला मात्र समिती लागते. चौथ्या श्रेणीतल्या त्या फुटबॉल क्लबकडे अशी समिती होती. युवा विकास समिती, सभासद अकरा. (क्लबात अकराच्या अकरा जण वेळेवर हजर असण्याचा हा एकमेव प्रसंग. बैठकीत चहा असे.)

नऊ वर्षांत समितीने दोनशे चौदा तरुण खेळाडू घडवले. त्यांपैकी प्रत्यक्ष सामन्यात मैदानावर उतरले दोन. (एक नजरचुकीने, दुसरा आत शिरलेलं कुत्रं हाकलायला.) उरलेले घडतच राहिले, आणि पुरेसे घडल्यावर त्यांना घरी पाठवण्यात आलं.

पद्धत शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक सामन्यात सत्तराव्या मिनिटाला तीन तरुणांनी उठायचं आणि रेषेबाहेर वॉर्म-अप करायचा. गुडघे वर, टाचा मागे, मान गोल. शेवटची शिट्टी झाली की बसायचं. तेविसावं वर्ष पूर्ण होईपर्यंत जो एक मिनिटही सामना खेळला नाही, त्याला 'अपेक्षित प्रगती नाही' असं पत्र देऊन मोकळं करायचं.

क्लबचे कपडे धुणाऱ्या मावशींचा धाकटा सहा वर्षं वॉर्म-अप करत होता. शनिवारी मोसमातला शेवटचा सामना होता, आणि सोमवारी त्याला तेवीस पूर्ण होणार होती. मावशी शाळेत फार टिकल्या नव्हत्या, त्यामुळे समितीचे अहवाल त्या वाचत नसत. त्या जर्सी वाचत. धाकट्याच्या जर्सीला सहा वर्षांत घाम लागला होता, चिखल नाही. कप्तानांच्या जर्सीला दोन्ही नाही. (कप्तान एकोणचाळीस वर्षांचे, अध्यक्षांचे मेहुणे. त्यांच्या जागेचा अनुभव दुसऱ्या कोणाला नाही, असा समितीचा अभिप्राय. तो कुठून येणार, हे समितीच्या कार्यकक्षेबाहेर.)

शुक्रवारी मावशी ओल्या जर्सींचं गाठोडं घेऊनच प्रशिक्षकांच्या खोलीत शिरल्या.

"सर, उद्या माझ्या पोराला उतरवा."

"घाई करू नका, मावशी. पोरगा अजून तयार होतोय."

"सहा वर्षं? अहो, तेवढ्यात मी तीन लेकरं चालती-बोलती केली. आणि तुम्ही शेवटून पहिले आहात, आणखी काय घालवाल?"

"संघाचा तोल जातो, मावशी."

"आडव्या पडलेल्याचा कसला तोल?"

त्यांनी गाठोडं टेबलावर समितीच्या अहवालावर ठेवलं आणि त्या हलायचं नाव काढेनात. पाणी गळत गळत शेवटच्या पानापर्यंत पोचलं, तेव्हा सर म्हणाले, "बरं, बघू."

शनिवारी क्लब चार गोलांनी मागे होता. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला सरांनी धाकट्याला हाक मारली. पोराने ट्रॅकसूट उतरवून बाकावर फेकला. रेषेवरच्या पंचांनी फलक वर धरला: कप्तान बाहेर, धाकटा आत. आता खेळ थांबण्याचाच अवकाश. चेंडू एकदा बाहेर गेला की झालं.

त्या मोसमात क्लबच्या पायातून चेंडू सरासरी नऊ सेकंदांत बाहेर जाई. फलकाकडे एकवार पाहून कप्तानांनी चेंडू पायात घेतला, आणि जाऊ दिला नाही. मागे दिला, परत घेतला. आडवा दिला, परत घेतला. प्रतिस्पर्धी अडवायचं विसरून बघत राहिले. (ही पद्धत कशी शिकवता, असं त्यांचं पत्र नंतर समितीला आलं.) वाढीव वेळ धरून सात मिनिटं हे चाललं. क्लबच्या इतिहासातला सर्वोत्तम खेळ. लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले.

"अरे मेल्या, बाहेर घाल तो!" मावशी ओरडल्या.

"गप्प बसा हो," शेजारचा म्हणाला, "इतकं छान चाललंय!"

शिट्टी झाली. धाकटा रेषेवर एक पाय पुढे टाकून उभा होता.

सोमवारी पत्र आलं. मंगळवारी क्लबच्या फाटकाबाहेर नव्या भरतीची रांग लागली. वय आठ ते दहा, पालकांसह. मावशी रांगेपाशी थांबल्या आणि त्यांनी सहा वर्षं, सात मिनिटं, पत्र, सगळं सांगितलं. रांगेने मन लावून ऐकलं. सगळ्यात पुढच्या बापाने पोराची कॉलर सारखी केली आणि हळूच विचारलं, "म्हणजे मावशी, एक जागा नक्की रिकामी झाली ना?"

अर्जाचा नमुना या कथेला जोडलेला नाही. उगाच पान उलटून बघू नका.