तीन नावं सांगा

पांडुराव सरांसमोर 'हे लोक' हे दोन शब्द उच्चारायची सोय नाही. लगेच तीन बोटं वर होतात. "तीन नांवें सांगा. मग बोला." ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांतल्या तिघांची नावं येत नसतील तर तोंड उघडायचं नाही, हा सरांचा कायदा. कुंभकोणमच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर मानसशास्त्र शिकवलं आणि त्या सगळ्या शास्त्राचा एवढाच अर्क निघाला, असं ते सांगतात.

मी सोलापूरचा. बँकेत बदली होऊन इथे आलो आणि सरांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. सरांचे पूर्वज तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आले, ते कायमचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पहिल्याच दिवशी जिन्यात मी बायकोला म्हणालो, "हे लोक काय जुनाट मराठी बोलतात गं!" खालून आवाज आला, "तीन नांवें!" मला एकच येत होतं, तेही भाडेकरारावर वाचलेलं. सरांनी खाली बसवून पेलाभर कॉफी पाजली आणि दोन शेजाऱ्यांना बोलावून माझी तीन नावं पुरी केली.

त्या पितळी पेल्यावर सरांच्या आजीचं नाव घातलेलं होतं. घरातल्या प्रत्येक पेल्यावर कुणाचं तरी नाव आहे. कचरा न्यायला येणाऱ्या सेल्वीअक्काला सर आपल्या वडिलांच्या पेल्यात कॉफी देतात. वडिलांनी हे पाहिलं असतं तर ते तडक कावेरी गाठून बुडी मारून आले असते!

एकदा न्हाव्याने सरांच्या मानेवर वस्तरा ठेवून सुरुवात केली, "हे उत्तरेकडचे लोक, सर, गलिच्छ..." सरांची तीन बोटं वर. न्हाव्याला एकही नाव येईना. सर उठले, एका गालाला फेस तसाच ठेवून समोरच्या बांधकामावर गेले, फरशी बसवणाऱ्या बिहारी कामगारांची नावं विचारून आले, आणि मगच दुसरा गाल पुढे केला. गाव हसलं. पण ते कामगार आता त्याच न्हाव्याकडे केस कापतात.

या माणसाला कशाचंच दुःख नसावं, असं मला वाटायचं.

एका सकाळी मी भाड्याची पावती घ्यायला खाली गेलो. सर एकटेच होते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. पहिली कॉफी त्यांनी एका लखलखीत पेल्यात ओतली आणि दोन्ही हातांनी नेऊन झोपाळ्याजवळच्या तिवईवर ठेवली. मला वाटलं, माझ्यासाठीच. मी हात पुढे केला.

"तो नको!" सर पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. पेल्यावर नाव होतं: तोंबा.

"जांवई," ते हळूच म्हणाले. "मणिपूरचा."

मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी मुलगी, रुक्मा, त्याला घेऊन आली. "याच्याशीं लग्न करतें, अप्पा," म्हणाली. "त्या सकाळींच मी वर्गांत पूर्वग्रह शिकवून आलों होतों. तिनं नांव सांगटलं असेल. मीं ऐकलं नाहीं. त्याचा चेहराच बघत बैसलों. मग कॉफी केली. सगळ्यांना फळीवरचे पेले. त्याला द्यायला हात गेला मागल्या दाराच्या कोनाड्यांत."

कोनाड्यात तेव्हा एक बिननावाचा पेला असे, बाहेरून कामाला येणाऱ्यांसाठी.

"मीं ठरवलं नव्हतं. हात गेला. तो बिचारा प्यायला, छान आहे मणाला. रुक्मानं बघितलं. तिनं आपली कॉफी खालीं ठेवली ती ठेवलीच."

लग्नाची पत्रिका आली, तेव्हा सरांनी जावयाचं नाव नीट वाचलं. लग्नाला जायची त्यांना हिंमत झाली नाही. नवा पेला आणून त्यावर ते नाव घालून घेतलं. कोनाड्यातला मोडीत गेला.

"फोन?" मी विचारलं.

"करतों. कसे आहांत विचारते. मीं बरा मणतों. 'ये' मणायला जीभ उचलत नाहीं."

"आणि ही कॉफी?"

"रोज ओततों. मनाला एका दिवसांत पटलं. हाताला वेळ लागतो." सर आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. "ती येईल तेव्हां परत चुकूं नये मणून."

मी पावती न घेताच उठलो. कॉफीवर साय धरली होती. सरांनी पेला जरासा फिरवला आणि त्याच्यावरचं नाव दाराकडे केलं.